मामांचं देहदान

माझ्या मामांनी देहदान जाहीर केलं तेव्हा ते अगदी ठणठणीत होते आणि त्यांच्या गळ्यात हनुवटीपर्यंत झेंडूचे हार होते. मारेगावात त्यांच्या निवृत्तीचा कार्यक्रम होता. जिल्हा परिषदेच्या शाळेचे मुख्याध्यापक म्हणून ते निवृत्त होत होते, आणि आपण गेल्यावर शाळेचं काय होणार या काळजीनं त्यांचा आवाज जड झाला होता. शाळेचं काहीही झालं नाही, दुसऱ्या दिवशी ती वेळेवर भरली. पण भाषणाच्या शेवटी मामांनी उजव्या हाताचं बोट वर केलं, जरा थांबले आणि म्हणाले, "जिवंतपणी मी समाजाला ज्ञान दिलं. मेल्यावर हा देहसुद्धा समाजालाच देणार आहे. माझी राख करू नका, माझं पुस्तक करा!"

मांडवात टाळ्या पडल्या. मामीला ही बातमी तिथंच कळली. ती मागं बुंदीच्या परातीपाशी उभी होती आणि तिच्या शेजारी माझी आई. आईनं विचारलं, "वहिनी, हे कधी ठरलं वो?"

"आत्ताच," मामी म्हणाली. "तुमच्यासमोरच तर ठरलं."

मामांनी कुणाला काही देणं ही आमच्यात नवलाची गोष्ट होती. शेजाऱ्यानं शिडी मागितली तर त्यांची शिडी नेमकी त्याच दिवशी मोडलेली असायची. घरातलं शिळं वर्तमानपत्र रद्दीवाल्याशिवाय कुणाच्या हाती लागत नसे. असा माणूस एकदम स्वतःला सबंधच देऊन टाकतो म्हटल्यावर सगळे नातेवाईक हरखून गेले. मी तेव्हा शाळेत होते, पण मलाही एवढं कळत होतं की जी वस्तू पुढं आपल्या काही कामाची उरणार नाही, नेमकी तीच मामांनी निवडून काढली होती.

त्यानंतर लग्न असो, साक्षगंध असो, कुणाचं बारसं असो, माइक दिसला की मामा देहदानावर यायचे. पाळण्याशेजारी उभं राहून मरणाबद्दल बोलणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. पाळण्यातलं लेकरू रडायला लागलं की ते म्हणायचे, "बघा, यालाही पटतंय."

मला डॉक्टर व्हायचं होतं. माझे वडील एसटीच्या राळेगाव डेपोत मेकॅनिक. गाडी उघडून आत काय बिघडलंय ते पाहणारा माणूस घरात असल्यामुळं असेल, पण अंगाच्या आत काय असतं याची मला लहानपणापासून फार ओढ होती. अकरावी-बारावीला राळेगावच्याच कॉलेजात होते. बेडूक कापायला बंदी आली होती. बेडकांच्या दृष्टीनं ते बरंच झालं, पण त्यांच्या जागी आमच्या कॉलेजात काहीच आलं नाही. कापाकापी पडद्यावर दाखवणारा एक कॉम्प्युटर आला होता म्हणे. तो कपाटात होता आणि कपाटाची किल्ली रजेवर गेलेल्या कुणाकडं तरी होती.

एकदा जीवशास्त्राच्या सरांना शिकवण्याचा हुरूप आला. आमच्या घरी मटण खातात हे त्यांना ठाऊक होतं. ते मला म्हणाले, "उद्या येताना बकऱ्याचं हृदय घेऊन ये."

मी सकाळी मटणाच्या दुकानात गेले आणि म्हटलं, "काळीज द्या." त्यानं दिलं. कवितेत काळीज म्हणजे हृदय असतं, मटणाच्या दुकानात काळीज म्हणजे यकृत. हे मला तेव्हा सुचलंच नाही. सरांनी ट्रे खिडकीपाशी ठेवायला लावला, नाकाला रुमाल लावला आणि हातभर लांब उभं राहून पट्टीनं दाखवायला सुरुवात केली. "हे पाहा, हे डावं निलय. इथून महाधमनी निघते. हे उजवं अलिंद." ट्रेमध्ये तपकिरी, गुळगुळीत, सबंध यकृत पडलेलं होतं.

मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, कप्पे कुठं दिसून राह्यले?"

"नीट पाहा म्हणजे दिसतील," सर खिडकीबाहेर बघत म्हणाले.

आम्ही सगळ्यांनी पुस्तकातून बघून वहीत चार कप्पे काढले आणि सरांनी खाली सही केली. संध्याकाळी आईला सांगितलं तर ती हसता हसता खाली बसली. मग मी पुस्तकातलं चित्र पुन्हा उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की अख्ख्या वर्गानं, शिक्षकासकट, आज यकृताला हृदय म्हटलं आणि कुणालाही काही फरक पडला नाही. त्या दिवशी शिक्षणाबद्दलचा माझा आदर जो उतरला तो परत कधी पूर्ण चढला नाही.

नीटमध्ये एमबीबीएसएवढे मार्क आले नाहीत, आयुर्वेदाला लागलं. मामांचा फोन आला. "एमबीबीएस नाही लागलं म्हणजे. हरकत नाही. काढेवाल्यांचीही समाजाला गरज असते."

आमचं कॉलेज यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एमआयडीसीच्या पुढं, सोयाबीनच्या वावरांच्या मधोमध उभं होतं. रचना शारीर, म्हणजे शरीराची रचना, हा पहिल्या वर्षाचा मुख्य विषय. विभागप्रमुख सरांचा आवाज फार सुंदर. त्यांना अख्खे अध्याय पाठ होते. कुठल्या हाडाला काय म्हणतात, मर्मं किती आणि कुठं, हे सगळं ते चालीवर म्हणायचे. त्यांनी हातात कधी चाकू धरलेला मात्र आम्ही पाहिला नाही.

डिसेक्शन हॉलच्या पहिल्या दिवशी शपथ होती. पांढरे कोट घालून आम्हाला रांगेत उभं केलं. मागं बॅनर होता, 'शव हाच आमचा प्रथम गुरू'. आम्ही हात पुढं करून शपथ म्हणत होतो आणि सर मध्येच थांबवून सांगत होते, "मागच्यांनी हात वर धरा, फोटोत येत नाहीत." गुरू तेवढा वेळ प्लास्टिकखाली वाट पाहत पडून होता.

प्लास्टिक काढलं तेव्हा दिसला तो एक वाळलेला म्हातारा. जुन्या चपलेच्या रंगाचा. बेवारस म्हणून आलेला, कधी आला कुणाला माहीत नाही. आधीच्या कितीतरी बॅचनी त्याला कापून झालं होतं. कापण्यासारखं काही उरलंच नव्हतं. नसा, शिरा, धमन्या केव्हाच तुटून गेल्या होत्या, आणि त्यांच्या जागी सरांनी लोकरीचे धागे बसवले होते. धमनी लाल, शीर निळी, मज्जातंतू पिवळा. माझी आई ज्याचा स्वेटर विणते तसला धागा. आम्ही पाठ केलं ते माणसाचं शरीर नव्हतंच, ते सरांचं विणकाम होतं. परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एका मुलाला विचारलं, "हा मज्जातंतू कुठवर जातो?" तो मुलगा जरा उचलून दाखवायला गेला तर अख्खा धागाच त्याच्या हातात आला. परीक्षकांनीच तो पुन्हा जागेवर ठेवला आणि विचारलं, "बरं, पुढं?"

बॉडी का नाहीत, असं विचारलं की सर म्हणायचे, "समाज मागासलेला आहे. लोक देहदान करत नाहीत." आणि पुढच्या अध्यायाला लागायचे.

शेवटी आमचं आम्हीच काहीतरी करायचं ठरवलं. माझी रूममेट दिग्रसची. तिच्या घरी अंडंसुद्धा आणत नाहीत, पण तिचा हात दगडासारखा स्थिर होता. एका रविवारी दुपारी आम्ही यवतमाळच्या बाजारातून बकऱ्याचा पाय आणला, न भाजलेला, केसांसकट. खोलीत फरशीवर वर्तमानपत्र अंथरलं. हत्यारं म्हणजे ब्लेड आणि भुवया काढायचा चिमटा. तिनं कातडी सोलली. खाली पांढऱ्याशुभ्र, चकचकीत कंडरा होत्या, स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या. मी एक चिमट्यात धरून ओढली.

खूर वाकलं.

मग तिनं ओढली. पुन्हा खूर वाकलं. जनावर कधीच मेलं होतं, बाकीचं कुणाच्या तरी जेवणात गेलं असेल, पण दोरी ओढली की खूर ऐकत होतं. तिनं स्वतःची मूठ आवळली. मनगटावर दोन दोऱ्या उभ्या राहिल्या. "हे बघ," ती म्हणाली, "आपल्यातही हेच आहे." सबंध दुपार आम्ही एकेक दोरी मोकळी करत, कुठली ओढली की काय हलतं ते बघत बसलो. वर्षभर लोकर बघून जे कळलं नव्हतं ते त्या बकऱ्यानं जेवणाच्या घंटेपर्यंत शिकवलं.

तेवढ्यात वॉर्डन मॅडम दारात आल्या. "खोलीत मांसाहार चालत नाही, माहीत आहे ना?"

"खात नाही, मॅडम. अभ्यास करून राह्यलो."

"अभ्यास हॉलमध्ये करायचा," त्या म्हणाल्या आणि पाय कचऱ्यात टाकायला लावला.

सरांना माझ्या मामांचा शोध लागला तो एका तासाला. देहदानावर बोलता बोलता त्यांनी विचारलं, "तुमच्यापैकी कुणाच्या घरी कुणी संकल्प केलाय का?" रूममेटनं माझा हात धरून वर केला. सरांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, मामांना आत्ताच घेऊन ये म्हणतात की काय. पुढच्याच महिन्यात देहदान जनजागृतीचा कार्यक्रम ठरला आणि मामा प्रमुख पाहुणे म्हणून आले. इस्त्रीचं जाकीट, खिशाला पेन. भाषण तेच. बोट वर, जरासं थांबणं, "माझं पुस्तक करा!" पोरांनी शिट्ट्या मारल्या.

मग सर म्हणाले, "चला साहेब, आमचा हॉल बघून घ्या."

मामा पुढं, सर शेजारी, मी मागं. हॉलच्या दारापाशी फॉर्मॅलिनचा वास येतो, डोळ्यांत चरचरतं. आत टेबलावर तो म्हातारा होता, पाय दाराकडं. मामांनी उंबऱ्यापर्यंत पाऊल नेलं, आत पाहिलं, आणि एकदम खिशातून मोबाइल काढून कानाला लावला. "हो हो, बोला साहेब, बोला," असं म्हणत ते मागं फिरले आणि थेट पार्किंगपर्यंत गेले. मोबाइलचा पडदा काळा होता. मी शेजारीच होते.

सरांनी मला त्यांच्यामागं पाठवलं. कडुलिंबाखाली उभे राहून ते मान पुसत होते. मला म्हणाले, "तिथं... तोंडावर कपडा राह्यते ना?"

"असतो."

"नेहमी?"

"तोंडाचा अभ्यास असतो तेव्हा काढतात."

त्यांनी मान हलवली. "बरोबर आहे. अभ्यास आहे शेवटी." इतक्या वर्षांत त्यांनी मला शेकडो प्रश्न विचारले होते, पाढे, राजधान्या, टक्केवारी, सगळी उत्तरं त्यांना आधीच माहीत असलेली. खरंच उत्तर हवं म्हणून विचारलेला हा पहिलाच. माझ्या मनात दया यायला हवी होती. आलं ते एवढंच, की ज्या दाराबद्दल या माणसानं इतकी वर्षं भाषणं केली ते दार त्यानं आज पहिल्यांदा पाहिलं. जाताना ते चहा विसरले, सरांचा निरोप विसरले. सत्काराची शाल मात्र विसरले नाहीत.

पुढच्या हिवाळ्यात ते गेले. सकाळी आंघोळीचं पाणी काढता काढता छातीत कळ आली आणि न्हाणीतच खाली बसले ते उठले नाहीत. आईचा फोन आला तशी मी यवतमाळहून मारेगावची एसटी धरली. आई राळेगावहून आली. माझे दोन मामेभाऊ, धाकट्याचं मारेगावात कृषी केंद्र, थोरला पुण्यात कॉम्प्युटरमध्ये. थोरला नेमका कुणाच्या लग्नासाठी आलेला, म्हणून घरीच होता. अंगणात माणसं जमली होती. बांबू येऊन पडले होते, धाकटा सुतळी सोडवत होता.

आतल्या खोलीत मामांना खाली ठेवलं होतं. मामी भिंतीला टेकून बसली होती. थोरल्यानं मला बाजूला घेतलं. "तुझ्या सरांचा फोन आला तर सांग, घरच्यांची तयारी नाही."

"पण मामांनी तर सगळ्या जिल्ह्याला..."

"बाबांनीच सांगितलंय," तो दबक्या आवाजात म्हणाला. "दिवाळीत मला गच्चीवर नेऊन म्हणाले, मले तिथं देऊ नका रे बापू. भाषणात बोललो, ते भाषण होतं."

मला पटलं. मामा माइकवर शुद्ध बोलायचे आणि भ्याले की वऱ्हाडी.

"मलेही म्हणाले होते," मामी भिंतीपाशी बसूनच म्हणाली. आम्हाला वाटलं नव्हतं तिला ऐकू जाईल. "हात धरून म्हणाले. लगन लागलं तवा धरलता, त्याच्यानंतर आत्ताच."

"मंग झालं तर," धाकटा दारातून म्हणाला. "उठवू आता. लोक खोळंबले."

"थांब," मामी म्हणाली. "मी माघार घेतली, असं त्यायनं गावाले सांगितलं का?"

धाकटा हातातल्या सुतळीकडं बघायला लागला.

"नाही सांगितलं. म्हणजे गावाले देल्ला शब्द जसाच्या तसा हाय. अन् घरात देल्ला शब्द त्यायनं कवा पाळला, का आता मी पाळू?" तिचा आवाज जराही चढला नव्हता. "माही बहीण पांढरकवड्याले खाटेवर पडली होती. या इतवारी नेतो, त्या इतवारी नेतो. ते मेली तवा यायच्या शाळेत तपासणी होती. मी म्हटलं, मी एकटी जातो एसटीनं. तर म्हणे, मुख्याध्यापकाची बायको उभ्यानं जाईन का?"

मला हे ठाऊक होतं. आईलाही. मामी ते कधी बोलेल असं मात्र वाटलं नव्हतं.

मी म्हटलं, "मामी, त्यांनी स्वतः नको म्हटलं असंल तर नेता येत नाही. ते बरं नाही दिसत."

"तू डॉक्टर व्हाले गेली, वकील नाही," ती म्हणाली, आणि उठली.

तिला कुणी अडवलं नाही, कारण ती कुठं चालली हेच कुणाला कळलं नाही. ती ओट्यावर जाऊन उभी राहिली. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि अंगणातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बाप्पाहो, बांबू वापस न्या. यायनं देहदान केलं हाय. तुमच्यासमोरच केलं हाय."

निवृत्त शिक्षक संघाचे अध्यक्ष पुढं आले आणि तिच्या पाया पडले. कुणीतरी "अमर रहे" सुरू केलं. मिनिटाभरात सगळे मोबाइल बाहेर निघाले आणि मामांचा हार घातलेला फोटो मारेगावभर फिरायला लागला. मोठ्या अक्षरात 'देहदानी'. थोरल्याला चार जणांनी मिठी मारून सांगितलं, असा बाप मिळायला भाग्य लागतं. आता नाही म्हणायची त्याची छाती नव्हती. धाकटा माझ्या कानाशी म्हणाला, "आता या बांबूचं काय करू मी?"

सरांना मी फोन केलाच नाही. त्यांचाच आला. त्यांनी व्हॉट्सअॅपवर वाचलं होतं. "किती वाजता निघताय? हार आम्ही आणू," ते म्हणाले, लग्नाची वरात ठरवावी तसे.

अॅम्ब्युलन्समध्ये मागं बसायला कुणी तयार होईना. भाऊ त्यांच्या कारमध्ये. मी बसले. वाटेत गाडी खड्ड्यांतून उडाली की मामांचा हात कपड्याबाहेर यायचा, मी आत सरकवायची. त्यांच्या तोंडावर चादर होती. वाऱ्यानं ती उडू नये म्हणून मी तिची दोन्ही टोकं मानेखाली दाबून बसवली आणि कॉलेज येईस्तोवर हात तिथंच ठेवला. माणूस मला आवडला नव्हता. पण तोंडावरच्या कपड्याचा तो प्रश्न त्यानं मला विचारला होता, दुसऱ्या कुणाला नाही.

कॉलेजच्या फाटकात सर उभे होते. बॅनर लागलेला होता. त्यांनी शवाला हात लावलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. फोटोत हार तिरपा दिसत होता, तो सारखा करायला.

मामांना औषध भरून टाकीत ठेवलं. ते पुढच्या बॅचला मिळणार होते. नात्यातली म्हणून मला तेव्हा हॉलमध्ये जायला मनाई असणार होती, आणि झालंही तसंच. पुढं रूममेट जाऊन आली तेव्हा तिनं मी न विचारताच सांगितलं, "बोटं वाकतात त्यांची. ज्युनिअर पोरी रांग लावून दोरी ओढून बघून राह्यल्या." जन्मभर स्वतःच्या हौसेनं वर होणारं बोट आता दुसऱ्याच्या अभ्यासासाठी हलत होतं. माझ्या मते ते त्या बोटाचं सगळ्यात उपयोगी वर्ष असेल.

पण ते नंतरचं. त्याआधी, मामा अजून टाकीत असतानाच, कॉलेजनं देहदात्यांच्या कुटुंबीयांचा सत्कार ठेवला. कुटुंबं म्हणजे आमचं एकच. थोरला पुण्याहून आला. मामीला स्टेजवर बसवलं, साडी आणि नारळ दिला. थोरल्यानं माइक घेतला आणि बापाच्या त्यागाबद्दल बोलला. मग त्यानं जाहीर केलं की तोही देहदान करणार आहे. टाळ्या. गच्चीवरची गोष्ट त्याच्या डोक्यातून साफ गेली असावी, किंवा आपल्यालाही पोरगा आहे, वेळ आली की तो बघून घेईल असं त्यानं धरलं असावं. मामी समोर बघत बसली होती.

तिला बोला म्हटलं तर ती म्हणाली, "मले तो हॉल पाहाचा हाय."

सर गडबडले. "बाई, तसं नातेवाइकांना दाखवत नाहीत. साहेबांचा देह आत्ता टाकीत आहे."

"मले त्यायले नाही पाहाचं," मामी म्हणाली. "पाहून पाहून झालं. हॉल पाहाचा हाय."

मी तिला घेऊन गेले. सर मागून आले. दारापाशी वास आला. मामीनं पदर नाकाला लावला नाही. ती सरळ आत गेली, टेबलापाशी थांबली आणि त्या वाळलेल्या म्हाताऱ्याकडं डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं.

"हा कोन?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "बेवारस आहे."

"याले इचारलं होतं का कोणी?"

सरांनी घसा साफ केला. "नियमानुसार, बेवारस देह..."

"म्हणजे नाही इचारलं," मामी म्हणाली. ती आणखी वाकली. "अन् ही लोकर काहून लावली अंगाले?"

"त्या नसा आहेत," सर म्हणाले. "म्हणजे नसांच्या जागी. मुलांना समजावं म्हणून."

मामीनं लाल धागा दोन बोटांत धरून पाहिला आणि सोडून दिला. "चांगली लोकर हाय," ती म्हणाली. सरांना ती स्तुती वाटली असावी, त्यांनी जरा मान झुकवली.

आम्ही बाहेर आलो. तिला मी कॅन्टीनमध्ये नेलं. तिनं आलूबोंडा अर्धा खाल्ला, चहाला रंगच नाही म्हणाली आणि तरी सबंध प्याली. मारेगावची गाडी लागली तशी आम्ही फाटकापाशी गेलो. साडीची पिशवी तिनं काखेत धरली, नारळ मला देऊन टाकला.

"तो तुहा सर," गाडीच्या पायरीवर पाय ठेवून ती म्हणाली. "त्यायनं देलं का लिहून, देहदानाचं?"

"नाही," मी म्हटलं.

"हं," ती म्हणाली, आणि आत जाऊन खिडकीजवळची जागा बघायला लागली.